रेंजचे अर्थकारण

मोबाइलचे जाळे आले की अर्थव्यवस्थेला नेमका काय फायदा होतो, याचे सर्वात स्वच्छ उत्तर उत्तर केरळच्या किनाऱ्यावरील तारलीच्या बाजारातून मिळाले. १९९७ ते २००१ या काळात कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने टॉवर उभे राहिले. त्यांची रेंज समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत पोहोचत असे. तोवर होडी ज्या बंदराची, मासळी त्याच बंदरात उतरायची. तिथे त्या दिवशी तारलीचा ढीग पडला असेल तर भाव कोसळायचा आणि उरलेली मासळी फेकून द्यावी लागायची. त्याच सकाळी पंधरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या बंदरात मात्र गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचे. फोन हाती आल्यावर मच्छीमार भर समुद्रातून चार बंदरांचे भाव विचारून मग होडी वळवू लागले.

रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने या बदलाचा बारकाईने अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बंदराबंदरांतली भावाची तफावत कमालीची घटली. पाच ते आठ टक्के मासळी वाया जात होती, ती जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. विकणारा आणि घेणारा दोघेही एकाच वेळी फायद्यात, असे बाजारात क्वचित घडते. इथे ते घडले, कारण फायदा कुणाच्या खिशातून आलेला नव्हता. पूर्वी जे नासत होते तेच आता वाचले होते. हे सारे निव्वळ बोलण्याच्या सोयीवर झाले, हेही ध्यानात ठेवायला हवे. तेव्हा त्या फोनवर इंटरनेट नव्हते.

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. फोन करणाऱ्याला तर पैसे पडतच, पण फोन घेणाऱ्यालाही पडत. त्यामुळे बरीच वर्षे मोबाइल ही कंत्राटदार, दलाल आणि डॉक्टरांची वस्तू राहिली. चित्र पालटले ते दोन धोरणांमुळे. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरचे ठरावीक परवानाशुल्काचे ओझे काढून उत्पन्नातल्या वाट्याची पद्धत आणली आणि २००३ मध्ये येणारा कॉल फुकट झाला. त्यानंतर गवंडी, रिक्षावाला, भाजीवाली यांच्याकडे फोन आला. पैसे न घालवता निरोप पोहोचवणाऱ्या मिस्ड कॉलची संस्कृतीही याच काळातली.

डेटाच्या बाबतीत असाच उलथापालथीचा क्षण सप्टेंबर २०१६ मध्ये आला. रिलायन्स जिओने फक्त ४जीचे जाळे उभारून सुरुवातीचे काही महिने सेवा फुकट दिली. २०१४ च्या सुमारास एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांहून अधिक मोजावे लागत; काही वर्षांतच तो दर दहा रुपयांच्या आसपास आला. या स्वस्ताईची किंमतही मोजावी लागली. २०१० मध्ये डझनभर कंपन्या होत्या, आता तीन खासगी आणि एक सरकारी उरली आहे. बाजाराचा बहुतांश वाटा दोघींकडेच आहे, आणि जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले तेव्हा ग्राहकाला जायला फारशी जागा नव्हती.

स्वस्त डेटावर उभी राहिलेली सर्वात मोठी इमारत यूपीआयची. मुंबईस्थित राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, ती एप्रिल २०१६ मध्ये खुली केली. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हा आकडा २,००० कोटींवर गेला. यूपीआयला वेगवान जाळे लागत नाही. एका व्यवहारात जाणारा डेटा किरकोळ असतो. मात्र तो त्या क्षणी, त्या जागी, हमखास पोहोचावा लागतो. वडापावच्या गाडीवर ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असे ओरडून सांगणाऱ्या साउंडबॉक्समध्येही एक सिमकार्डच असते. त्यामुळे गाडीवाल्याचे सुट्ट्या पैशांचे भांडण मिटले, ते तर झालेच. पण त्याहून मोलाचे असे की त्याच्या रोजच्या गल्ल्याची नोंद प्रथमच कुठेतरी उमटू लागली आणि ती दाखवून कर्ज मागता येऊ लागले. केनियात हाच प्रवास ‘एम-पेसा’ने २००७ पासून केला, तोही साध्या फोनवरून. तवनीत सूरी आणि विल्यम जॅक यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार या सेवेमुळे तिथली १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून बाहेर आली.

मग ५जीचे नवे काय? भारतात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांचा स्पेक्ट्रम विकला गेला. जाहिरातींमध्ये ५जी म्हणजे चित्रपट झटपट उतरवण्याची सोय. वस्तुतः आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने या पिढीकडून तीन वेगळ्या गोष्टी मागितल्या आहेत. वेग ही त्यातली पहिली. दुसरी म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाखांपर्यंत उपकरणे जोडण्याची क्षमता. तिसरी सर्वात अवघड: संदेश जाण्यातला विलंब सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत खाली आणणे, आणि तोही खात्रीने. प्रत्यक्षात ग्राहकाला मिळणारे आकडे या उद्दिष्टांहून बरेच मागे असतात. आणखी एक अडचण निसर्गनियमाची आहे. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंती भेदतात, पण त्यांत डेटा कमी मावतो. २६ गिगाहर्ट्झच्या लहरींत प्रचंड डेटा मावतो, पण त्या काही शे मीटरमध्येच दमतात आणि झाडाच्या पानांनीही अडतात. म्हणून महानगरातले ५जी आणि खेड्यातले ५जी ही नावापुरतीच एक गोष्ट आहे.

हा धडा दक्षिण कोरियाने महागात घेतला. एप्रिल २०१९ मध्ये देशभर ५जी सुरू करून कोरियाने बाजी मारली. परंतु २८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कबूल केलेली केंद्रे कंपन्यांनी उभारली नाहीत, म्हणून सरकारने तो स्पेक्ट्रम काढून घेतला. ४जीच्या वीसपट वेगाच्या जाहिराती केल्याबद्दल तिथल्या स्पर्धा आयोगाने २०२३ मध्ये तिन्ही कंपन्यांना जबर दंडही केला. पहिले येण्याचा मान आणि स्पर्धेत पुढे जाणे यांत बरेच अंतर असते.

उद्योगाची स्पर्धाक्षमता या जाळ्याने खरोखर वाढते ती कारखान्याच्या आवारात. शेकडो यंत्रे, लोखंडी सांगाडे आणि सतत फिरणाऱ्या ट्रॉल्या यांच्या गर्दीत वाय-फाय तुटते. तारा ओढाव्यात तर उत्पादनाची मांडणी बदलताना सगळे उखडावे लागते. चाकणच्या महिंद्रा कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी २०२२ मध्ये ५जीचे स्वतंत्र जाळे उभारले. नव्या गाडीच्या संगणकांत सॉफ्टवेअर भरण्याचे काम त्यामुळे एकाच वेळी अनेक गाड्यांवर करता येऊ लागले आणि रंगकामाची तपासणी कॅमेऱ्याकडे सोपवता आली. गाडी कारखान्यात जितकी कमी वेळ अडकून पडते तितका तिचा खर्च उतरतो. एवढे साधे हे गणित आहे. जर्मनीने तर २०१९ पासून ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झचा पट्टा उद्योगांसाठीच राखून ठेवला. तिथे कारखानदार सरकारकडे थेट अर्ज करून आपल्या आवारापुरता स्पेक्ट्रम घेतो. भारतात २०२२ च्या नियमांनी खासगी जाळ्यांना वाट दिली खरी. पण दूरसंचार कंपन्यांच्या विरोधामुळे थेट वाटपाचा प्रश्न रेंगाळला. बड्या कारखान्याला कंपनीशी करार परवडतो. पिंपरी-चिंचवड किंवा सातपूरच्या लघुउद्योजकाला तो परवडेल अशी व्यवस्था अजून नाही, आणि सुट्या भागांचा कणा तर हेच लघुउद्योजक आहेत.

लोकसेवांचा प्रश्न निराळा आहे. कारखाना स्वतःचे जाळे विकत घेऊ शकतो. सरकारी योजनेचा लाभार्थी गावात जी रेंज असेल तिच्यावर अवलंबून असतो. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. त्यानंतर रेशनपासून पेन्शनपर्यंत सारे काही अंगठा आणि ओटीपी यांना जोडले गेले. याचे लाभ खोटे नाहीत. स्थलांतरित मजुराला आता देशात कुठल्याही रेशन दुकानातून धान्य उचलता येते. बीड-जालन्याकडून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नव्हे. पण ई-पॉस यंत्राला रेंज नसेल तर दुकानात धान्य असूनही ते मिळत नाही, आणि ओटीपीसाठी टेकडी चढावी लागली तर त्या सेवेला डिजिटल म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही.

या दृष्टीने दोन सरकारी ॲप शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली. पूर्वी तलाठी करत असे ती पिकाची नोंद आता शेतकरी स्वतः शिवारात उभे राहून, छायाचित्र काढून सातबाऱ्यावर करतो. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवून नंतर पाठवण्याची सोय या ॲपमध्ये ठेवलेली आहे. ॲपबद्दल तक्रारी पुष्कळ असल्या तरी ही सोय शेत कुठे असते हे ओळखून केलेली आहे. दुसरे ॲप रोजगार हमीच्या हजेरीचे. जानेवारी २०२३ पासून केंद्राने कामावरच्या मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची केली. रेंज नाही म्हणून हजेरी लागली नाही आणि हजेरी नाही म्हणून मजुरी अडली, अशा तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. भ्रष्टाचार रोखण्याचा हेतू योग्यच होता. पण जाळ्यातल्या खड्ड्यांचा भुर्दंड मजुराने का सोसावा, याला उत्तर नाही.

आरोग्यसेवेत आणखी एक तांत्रिक पेच येतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेने फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा गाठला. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या तज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलतो, असे तिचे मुख्य रूप आहे. मोबाइलचे जाळे मात्र प्रामुख्याने डेटा खाली उतरवण्यासाठी बेतलेले असते, कारण बहुतेक लोक चित्रफिती पाहतात. उपकेंद्राला गरज असते वर पाठवण्याची: रुग्णाचे चित्र, ईसीजी, जखमेचे छायाचित्र. जिथे फोनवर मालिका सुरळीत दिसते तिथेही डॉक्टरला रुग्ण धूसर दिसतो, तो यामुळे. ५जीमध्ये यावर उपाय आहे. जाळ्याचा एक हिस्सा, एसटीत काही आसने राखीव असतात तसा, रुग्णवाहिका किंवा रुग्णालयासाठी बाजूला ठेवता येतो. त्यासाठी ४जीच्या टेकूवर न चालणारे, स्वतंत्र गाभ्याचे ५जी लागते आणि राखीव हिश्शाचे पैसे कोणी भरायचे हे ठरावे लागते. तंत्र तयार आहे, हिशेब बाकी आहे.

आपत्तीत जाळ्याची खरी परीक्षा होते. टॉवरच्या टप्प्यातल्या प्रत्येक फोनवर, क्रमांक ठाऊक नसताही, एकाच क्षणी मोठ्या आवाजात इशारा देणारी सेल ब्रॉडकास्ट पद्धत जपान भूकंपासाठी कित्येक वर्षे वापरतो. भारतात तिच्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या आणि अनेकांचे फोन भर दुपारी एकदम किंचाळले. इशारा गर्दीत अडकत नाही, हे तिचे बलस्थान. मात्र टॉवर उभा आणि चालू असायला हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात वीज गेली आणि पाठोपाठ फोनही गेले. नुकसान किती झाले हे कळवायलाही साधन उरले नाही. टॉवरची बॅटरी काही तासांची असते, आणि रस्त्यावर झाडे आडवी पडली की डिझेल पोहोचत नाही. कोकणात म्हणूनच नव्या टॉवरइतकेच महत्त्व जुन्या टॉवरच्या बॅटरीला द्यायला हवे.

उरलेली पोकळी भरण्याचे काम चालू आहे. केंद्राने जुलै २०२२ मध्ये रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची ४जी योजना मंजूर केली. २०११ पासून रखडत चाललेल्या भारतनेटला २०२३ मध्ये १.३९ लाख कोटी रुपयांचा नवा आराखडा मिळाला. हवेतून येणारी रेंज अखेर जमिनीखालच्या फायबरवरच उभी असते, आणि टॉवर फायबरने जोडलेला नसेल तर त्यावर ५जीची पाटी लावून काही साधत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलने देशी बनावटीचे ४जी तंत्र हजारो टॉवरवर सुरू केले. सरकारी निधीतून उभारलेला टॉवर कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला वापरता यावा, ही जानेवारी २०२५ ची तरतूद मात्र त्याहून दूरगामी ठरावी. दऱ्याखोऱ्यांत चार कंपन्यांनी चार टॉवर उभारावेत एवढे उत्पन्न नसते.

टॉवर आला तरी फोन कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न राहतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या स्त्रिया ५४ टक्के आढळल्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येणारा ओटीपी हा त्या बाईचा ओटीपी नसतो.

तेव्हा एखादे ॲप सक्तीचे करण्यापूर्वी संबंधित खात्याने त्याची चाचणी मंत्रालयाच्या वाय-फायवर न घेता धडगाव, भामरागड किंवा धारणीच्या एखाद्या पाड्यावर, तिथल्याच सेविकेच्या हातातल्या फोनवर घ्यावी. तिथे ते चालत नसेल तर सक्तीची तारीख पुढे ढकलावी.