गेरूची भिंत, तांदळाची रेघ आणि संगणकातला करडा रंग

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरील वारली लग्नघरात सवाशिणींनी लिहिलेल्या चौकाचे छायाचित्र एका शिक्षकांनी मला दाखवले. लग्न होऊन बरेच दिवस लोटले होते आणि पांढऱ्या रेघा ठिकठिकाणी झिजल्या होत्या. शाळेच्या अंकासाठी त्यांनी संगणकावर चित्र ‘ग्रेस्केल’ केले, झेरॉक्स काढली, तर करड्या भिंतीवर करडी माणसे उमटली. ‘कॅमेराच साधा आहे’, ते म्हणाले. पण दोष कॅमेऱ्याचा नव्हता.

संगणकातल्या रंगीत चित्राचा प्रत्येक बिंदू म्हणजे तीन आकडे: तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश किती, हे ० ते २५५ या मापात सांगणारे. समजा, गेरूच्या भिंतीचे आकडे १६०, ८५, ५५ आहेत आणि निम्म्या झिजलेल्या रेघेचे १९२, १५०, १२८. ग्रेस्केल करताना या तिघांचा एक आकडा करायचा असतो. त्याची रूढ रीत अशी की तांबड्याचे सुमारे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन बेरीज करायची. हिरव्याला झुकते माप, कारण आपल्या डोळ्याला तोच सर्वांत उजळ वाटतो. हे प्रमाण अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीसाठी ठरले; रंगीत कार्यक्रम जुन्या कृष्णधवल संचांवरही नीट दिसावा म्हणून. मोखाड्याची भिंत तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे असणार!

आता हिशेब करू. भिंत येते १०४, रेघ १६०. एकटा तांबडा चॅनल घेतला तर १६० आणि १९२, म्हणजे रेघ जवळजवळ गडपच. एकटा निळा घेतला तर ५५ आणि १२८. भिंत काळ्या फळ्यासारखी होते आणि रेघ तिच्या दुपटीहून अधिक उजळ राहते.

कारण रसायनात आहे. गेरूतले लोहाचे ऑक्साइड निळा आणि बराचसा हिरवा प्रकाश शोषून घेते, तांबडा परतवते. तांदळाच्या पिठाचे कण मात्र सर्वच तरंगलांब्या विखुरतात. म्हणून दोघांतला खरा फरक निळ्यात असतो, आणि नेमक्या त्याच निळ्याला रूढ सूत्र ११ टक्के देते. वर्गात तांबडा आणि निळा जिलेटिन कागद डोळ्यांपुढे धरून गेरूवरच्या खडूच्या रेघा पाहा. हिशेब न करताही मुलांना फरक दिसेल.

निळा चॅनल हा सर्वत्र चालणारा उपाय मात्र नव्हे. पांढऱ्या रेघेवर हळद लागली असेल, तर हळद निळा प्रकाश शोषते. निळ्या चॅनलमध्ये तिथे रेघ तुटल्यासारखी दिसते. तेवढ्यासाठी तांबडा चॅनल पाहावा. गिंप या मोफत प्रणालीत ‘डीकंपोज’ या आज्ञेने तिन्ही चॅनल वेगळे होतात.

निळ्या चॅनलमध्ये दाणेही अधिक दिसतात. ते घालवायला ‘मीडियन’ फिल्टर असतो. बिंदू आणि त्याचे आठ शेजारी असे नऊ आकडे चढत्या क्रमाने मांडून पाचवा घ्यायचा. ५२, ५३, ५४, ५५, ५५, ५६, ५७, ५८ आणि मध्येच एक उपरा २४०: सरासरी सुमारे ७६ येते, मीडियन ५५. उपरा साफ जातो. पण नऊ बिंदूंच्या चौकटीतून एका बिंदूच्या जाडीची सरळ रेघ गेली, तर तिच्या वाट्याला तीनच बिंदू येतात. सहा विरुद्ध तीन, रेघ हरते! आमच्या पहिल्या प्रयत्नात घोड्याचे पाय असेच नाहीसे झाले. अशा वेळी मूळ चित्र मोठ्या आकारात टिपलेले असावे, म्हणजे रेघ चार-पाच बिंदू जाड राहते, किंवा फिल्टर मोकळ्या भिंतीपुरताच लावावा.

सीएमवायके या प्रकाराची गरज रंगीत छपाईच्या वेळीच पडते. झेरॉक्ससाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. ग्रेस्केल केलेले चित्र मूळ फाइलवर साठवू नका. ६०, १३०, ८० हा पानांचा हिरवा रंगही त्याच सूत्राने १०४ होतो; मागे उरलेल्या १०४ वरून तो गेरू होता की पान, हे कोणतीही प्रणाली सांगू शकत नाही. त्या घराची भिंत पुन्हा सारवली की चौकही जाणार. आता मूळ रंगीत फाइल शाळेत दोन ठिकाणी ठेवली आहे, आणि अंकात छापलेल्या घोड्याला चारही पाय आहेत.