आधी वाट, मग पीक

कौआई बेटावर कोलोआ येथे १८३५ साली उसाचा मळा उभा राहिला, आणि तिथून दीडशे वर्षे हवाईच्या शेतीत उसाचे आणि पुढे अननसाचेच राज्य होते. बेटांवरून जहाजात चढायची ती साखर आणि डबाबंद अननस. कारखान्याच्या कढईतून गेलेल्या मालात कीड उरत नाही, त्यामुळे तिची चिंता शेताच्या बांधापुरतीच राहिली. पुढे मजुरी महागली, इतर देशांचा स्वस्त माल आला आणि मळे एकेक करून बंद पडले. लानाई बेटावरचे अननस १९९२मध्ये थांबले, हामाकुआचा साखर कारखाना १९९४मध्ये, बिग आयलंडवरचा शेवटचा १९९६मध्ये. मोकळ्या पडलेल्या जमिनीत पपई, लिची, लोंगन, रामबुतान लावा, असा सल्ला सगळीकडून मिळत होता, आणि माती-पावसाच्या हिशेबाने तो बरोबरही होता. पण बेटावर नवे पीक जगते की नाही, ते मातीपेक्षा बंदरावर अधिक ठरते. तिथून ते कोणत्या वाटेने बाहेर पडणार हे आधी ठरवावे लागते, असा हवाईचा अनुभव आहे.

हवाईत फळमाशीच्या चार परक्या जाती ठाण मांडून आहेत. खरबूजमाशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली, भूमध्य फळमाशी १९१०च्या सुमारास, पौर्वात्य फळमाशी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, आणि वांगी-मिरचीच्या कुळावर जगणारी चौथी १९८३मध्ये सापडली. मादी सालीखाली अंडी घालते. वरून फळ निर्दोष दिसते, आत अळी वाढत असते. अशी एक पेटी कॅलिफोर्नियात उतरली तर तिथल्या बागा धोक्यात येतील, म्हणून प्रक्रिया केल्याशिवाय फळ मुख्य भूमीवर पाठवता येत नाही. पूर्वी हे काम एथिलीन डायब्रोमाइडच्या धुरीने भागत असे. कर्करोगाच्या भीतीने १९८४मध्ये अमेरिकेने ती धुरी बंद केली आणि उष्णतेचे उपाय पुढे आले: गरम पाणी, गरम वाफ, गरम हवा. पपईला ते बेताने सोसतात. लिची आणि रामबुतानचे देखणे साल मात्र काळवंडते. म्हणजे बाग लावण्याआधीच उष्णतेने निम्मी यादी खोडून टाकली होती.

म्हणून २००० साली बिग आयलंडवर हिलोजवळच्या केआऊ येथे सुरू झालेले क्ष-किरण केंद्र महत्त्वाचे ठरले. किरणांचा उद्देश अळीला जागीच मारण्याचा नसतो. तिची माशी होऊ नये, वंश वाढू नये, एवढे साधले की पुरे. फळमाश्यांसाठी १५० ग्रे (किरणमात्रेचे एकक) एवढी मात्रा पुरते आणि फळाची चव-रंग फारसे बिघडत नाहीत. पण प्रक्रिया झालेल्या फळात जिवंत अळी सापडू शकते, त्यामुळे सगळा भरवसा मात्रेच्या अचूक मोजणीवर आणि कागदावर उभा असतो. या केंद्राला मोठा आधार दिला तो अपूर्वाईच्या फळांपेक्षा जांभळ्या रताळ्याने. जुन्या उसाच्या जमिनीत ते येते, सहज नासत नाही, आणि मुख्य भूमीवरच्या आशियाई वस्त्यांत त्याला गिऱ्हाईक आहे. पपईची गोष्ट वाटेच्या या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. याच बेटावरच्या पुना भागात १९९२मध्ये रिंगस्पॉट विषाणू शिरला आणि बागा झपाट्याने रोगट झाल्या. शास्त्रज्ञ डेनिस गोन्साल्विस आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून आलेल्या ‘रेनबो’ या जनुकबदल केलेल्या वाणाचे बियाणे १९९८मध्ये शेतकऱ्यांच्या हाती पडले आणि पीक वाचले. पण जपानने या पपईला परवानगी दिली ती २०११ अखेर. जे वाण शेतात तरले त्याला एका मोठ्या बाजाराचे दार तेरा वर्षे बंद होते.

किरणप्रक्रिया करून फळे बाहेर धाडण्याच्या या मार्गावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, किरणांची भीती. १९९८मध्ये बिग आयलंडच्या मतदारांनी अशा केंद्रांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव निसटत्या मतांनी फेटाळला, म्हणजे भीती थोडीथोडकी नव्हती. या मात्रेने फळ किरणोत्सारी होत नाही, आणि क्ष-किरण यंत्र विजेवर चालते, त्यात किरणोत्सारी द्रव्य नसते. तरी गिऱ्हाइकाला कळावे म्हणून वेष्टनावर खूण लागते, हे योग्यच. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: ही वाट हवाईपुरती राहत नाही. २००६मध्ये अमेरिकेने सर्व फळमाश्यांसाठी एकच मात्रा मान्य केली आणि पुढच्याच वर्षी थायलंडचे लोंगन व रामबुतान त्याच बाजारात उतरले. प्रक्रियेने दार उघडते, पण आत शिरणाऱ्यांची रांग ती ठरवत नाही. तिथे भाव, वाहतूक आणि मालाचे वेगळेपण लागते. तिसरा आक्षेप असा की, खाण्यातले बहुतेक बाहेरून आणणाऱ्या बेटांनी फळे बाहेर का धाडावीत? इथे किडीच्या बंदोबस्ताची शेताकडची बाजू पाहावी. पडलेली फळे गोळा करून पुरणे, प्रथिनांचे आमिष, नरांना ओढणारे सापळे, परोपजीवी गांधीलमाशी यांची एकत्र मोहीम हवाईत शतकाच्या वळणावर सुरू झाली. तिचा लाभ गावच्या बाजारासाठी भोपळा-टोमॅटो पिकवणाऱ्यालाही होतो. शेतातली ही बाजू सोडून फक्त बंदरावर यंत्र बसवले, तर आक्षेप घेणारे बरोबर ठरतील.

कोकणातला हापूस याच वाटेने गेला आहे. कांद्यासाठी उभारलेल्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून २००७मध्ये आंबा अमेरिकेला निघाला. कोयीतल्या भुंग्यापर्यंत उष्णता नीट पोहोचत नाही म्हणून तिथे किरण लागतात, तर जपानला उष्ण बाष्पाची प्रक्रिया चालते. आणि २०१४मध्ये खेपांत फळमाशी सापडल्यावर युरोपने आंबाच काही महिने बंद केला. झाड एक, फळ एक, पण देशागणिक वाट निराळी. म्हणून नव्या पिकाच्या योजनेत रोपवाटिकेइतकीच प्रक्रिया केंद्राची, मोजणी करणाऱ्या माणसांची आणि पडलेली फळे उचलणाऱ्या हातांची तरतूद पहिल्याच पानावर हवी. लावलेले झाड फळाला यायला वर्षे लागतात. तोवर वाट तयार नसेल, तर ते फळ झाडाखालीच सडते आणि पुढच्या माश्यांना घर देते.