खरखरीत दोरी सरकते कशी?

खाडीवर गळ टाकणारा माणूस दोरीला शिशाचा तुकडा बांधतो. तो तुकडा लांब जाऊन पडतो आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये सगळा मामला उलटा. इथे आमिष म्हणजे गळाभोवती पिसे आणि धागा गुंडाळून केलेला नकली किडा, वजन ग्रॅमचा काही शतांश. तो नुसता भिरकावला तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीतच भरलेले असते. फेकायची ती दोरी, किडा तिच्या टोकाला लागून निमूट जातो. ‘पाच नंबर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दोरीचे पहिले तीस फूट सुमारे १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅम भरावेत, असा अमेरिकी उद्योगाचा संकेत आहे.

या छंदात रॉड आणि रीळ मिरवायला बरी, पण काम दोरीच करते. गेली पंधरा-वीस वर्षे या दोरीवरून एक वाद चालू आहे: तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा की खरखरीत? दोन्ही प्रकार बाजारात मिळतात आणि चांगल्या दोरीला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात. गुळगुळीत वस्तू जास्त सरकते, हे कोणीही सांगेल. तरीही ज्यांना लांब फेक साधायची असते त्यांच्यातले अनेकजण खरखरीत दोरी पसंत करतात. त्यांचा अनुभव खरा आहे. त्यासाठी जे कारण सहसा सांगितले जाते ते मात्र बहुतांशी चुकीचे आहे.

आधी थोडा इतिहास. सुरुवातीला या दोऱ्या घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या असत, पुढे रेशमाच्या आल्या. रेशमी दोरीला जवसाचे तेल पाजलेले असे. तरंगत राहावी म्हणून तिला ग्रीस चोळावे लागे आणि दिवस संपला की ती उलगडून वाळवावी लागे, नाहीतर कुजे. हा सोपस्कार संपवला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मिडलंड गावच्या ‘सायंटिफिक अँगलर्स’ने. १९४५ साली सुरू झालेल्या या कंपनीत लिऑन मार्टुच यांनी १९५० च्या दशकात नायलॉनच्या विणलेल्या गाभ्यावर पीव्हीसीचा थर चढवून, हवी तिथे जाड आणि हवी तिथे बारीक होत जाणारी दोरी बनवली. थरात काचेचे सूक्ष्म पोकळ फुगे मिसळले की दोरी पाण्यापेक्षा हलकी होते. आजच्या तरंगत्या दोऱ्या याच कुळातल्या.

१९७३ साली ही कंपनी ‘थ्री एम’च्या ताब्यात गेली. प्लास्टिकवर अतिसूक्ष्म नक्षी उमटवण्यात थ्री एमचा हातखंडा होता. ओव्हरहेड प्रोजेक्टरची ती सपाट, बारीक खाचांची भिंगे याच विद्येतून आली. १९८७ साली ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलच्या समुद्रात झालेली अमेरिका कप शर्यत ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या नौकेने जिंकली. तिच्या तळाला थ्री एमची बारीक खाचांची फिल्म चिकटवलेली होती, शार्कच्या कातडीवरून सुचलेली. २००७-०८ च्या सुमारास हीच नक्षीकला दोरीवर आली आणि तिचे नावही ‘शार्कस्किन’ ठेवले गेले. घोटाळ्याची सुरुवात बहुधा या नावातच आहे. शार्क पाणी कापतो तशी ही दोरी हवा कापते, असा ग्राहकाचा समज झाला. पुढे उथळ खळग्यांच्या दोऱ्या आल्या, तेव्हा गोल्फच्या चेंडूचा दाखला जोडीला आला.

हा दाखला तपासून पाहणे सोपे आहे. खळग्यांमुळे गोल्फचा चेंडू लांब जातो, कारण त्याच्या पृष्ठभागालगतचा प्रवाह खवळतो, चेंडूला अधिक काळ बिलगून राहतो आणि मागे ओढणारा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो. पण हे घडायला आकार आणि वेग दोन्ही पुरेसे हवेत. अभियंते यासाठी रेनॉल्ड्स अंक वापरतात. जोरात मारलेल्या गोल्फच्या चेंडूसाठी हा अंक दोन लाखांच्या घरात जातो, आणि खळग्यांचा उपयोग साधारण चाळीस हजारांपासून पुढे दिसू लागतो. एक मिलिमीटर जाडीची दोरी सेकंदाला २५ मीटर वेगाने आडवी जात असली तरी अंक येतो जेमतेम सतराशे. या टप्प्यात खळगे असले काय आणि नसले काय, हवेला फरक पडत नाही. शार्कच्या खाचांचेही तसेच. त्या खवळलेल्या प्रवाहात आणि प्रवाहाच्या दिशेने कोरलेल्या असल्या तर उपयोगी. तेव्हा हवेतल्या फायद्याची गोष्ट सोडून द्यावी.

मग फायदा होतो कुठे? रॉडच्या कड्यांमध्ये. नऊ फुटी रॉडवर अशा दहाच्या आसपास धातूच्या कड्या असतात आणि फेकीच्या शेवटी हातातली सैल दोरी या प्रत्येक कडीला घासत बाहेर धावते. इथे शाळेतले भौतिकशास्त्र आडवे येते. घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा आमोंतोंचा १६९९ सालचा नियम आपण सगळ्यांनी पाठ केला आहे. तो खरा मानला तर दोरीला खळगे पाडून काही साधायला नको.

नियम खोटा नाही, पण त्याला मर्यादा आहेत. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले की दोन कठीण पृष्ठभाग फक्त आपापल्या सूक्ष्म उंचवट्यांवर टेकतात. खरा संपर्क दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी किरकोळ भागात असतो आणि दाब वाढेल तसा वाढतो, म्हणून नियम लागू पडतो. मऊ प्लास्टिक वेगळे वागते. पीव्हीसीत ते लवचिक राहावे म्हणून तेलकट द्रव्य मिसळलेले असते. असा मऊ, गुळगुळीत थर चकचकीत धातूवर हलक्या दाबानेही पसरून टेकतो आणि चिकटतो. त्या चिकटण्याचा वाटा घर्षणात मोठा असतो. अशा वेळी खरे संपर्कक्षेत्र कमी केले की घर्षणही उतरते. खरखरीत दोरी कडीला फक्त माथ्यांवर टेकते, मधल्या खळग्यांत हवा राहते. दोरी ओली असली तर हा फरक आणखी जाणवतो, कारण गुळगुळीत दोरी आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि पृष्ठताणामुळे दोघांना जवळ ओढतो.

दुसरा फायदा पाण्यावर. अळवाच्या पानावर पाणी का ठरत नाही, याचे उत्तर पानावरच्या मेणात जितके आहे तितकेच त्याच्या सूक्ष्म उंचवट्यांत आहे. त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि थेंब त्या हवेवर तोलला जातो. जर्मनीत बॉन इथले विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ साली कमळाच्या पानावरून ही गोष्ट जगापुढे मांडली. पाणी न लावून घेणाऱ्या थरावर अशी नक्षी असली की दोरी थोडी वर तरंगते आणि पुढच्या फेकीसाठी उचलताना पाण्यातून सहज सुटते. अळवाच्या पानाइतकी करामत दोरीला जमत नाही, पण उचलताना फरक जाणवतो.

आता दुसरी बाजू. खरखरीत दोरी कड्यांतून जाताना सळसळते, आणि पहिल्या शार्कस्किनचा आवाज तर अनेकांना असह्य झाला. मासे बिचकतील ही भीती मात्र अनाठायी वाटते. हवेतल्या ध्वनीची जेमतेम हजारांश ऊर्जा पाण्यात उतरते. शिवाय ट्राउट-सॅमन कुळातल्या माशांना काही शे हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही आणि ही सळसळ त्याच्या बरीच वरची. त्रास होतो तो माणसाला, आणि कानापेक्षा बोटांना जास्त. दोरी तर्जनीवरून सतत ओढून घ्यावी लागते. दिवसभर असे केले की पोत कानशीसारखा त्वचा सोलतो. समुद्रावर मीठ वाळले की विचारायलाच नको. तिथले लोक बोटाला पट्टी गुंडाळूनच उतरतात. शिवाय खळग्यांत गाळ आणि शेवाळ बसते. मळलेली खरखरीत दोरी स्वच्छ गुळगुळीत दोरीपेक्षा वाईट सरकते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

उत्पादकांनी यातून मधले मार्ग काढले आहेत. वेल्समधल्या एअरफ्लोने पीव्हीसीऐवजी पॉलियुरेथेन वापरून दोरीला लांबीच्या दिशेने बारीक कंगोरे दिले. काहींनी टोकाला एक पोत आणि मागच्या धावत्या भागाला दुसरा दिला. गुळगुळीत दोऱ्याही जुन्या राहिल्या नाहीत. थरातच मिसळलेली वंगणद्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात, त्यामुळे दोघींमधले अंतर पूर्वीपेक्षा कमी झाले आहे.

निवड करायची तर आधी किती लांब फेकायचे ते पाहावे. भारतात ट्राउटची अंडी १९०० साली काश्मीरमध्ये पोहोचली (आदल्या वर्षीची वाटेतच मेली होती) आणि पुढे हिमाचलातही ट्राउट रुजला. तीर्थनच्या खोऱ्यात मत्स्य विभागाचा परवाना काढून गळ टाकता येतो. तिथल्या ओढ्यांत आठ-दहा मीटरची फेक पुरते. एवढ्या अंतरात कड्यांतून सुटून धावणारी दोरी जवळजवळ नसतेच, म्हणजे पोताचा मुख्य फायदा वाया जातो. तिथे गुळगुळीतच घ्यावी. मोठे तळे, वारा, समुद्रकिनारा, उष्ण हवेत मऊ पडणारे प्लास्टिक, अशा ठिकाणी वीस-पंचवीस मीटर गाठायचे असतील तर खरखरीत दोरीचे पैसे वसूल होतात, बोटांची काळजी घेतली तर.

दोन्हींपैकी कोणतीही घेतली तरी डासांचे डीट असलेले मलम हाताला लावून तिला शिवू नका, त्याने पीव्हीसी खराब होते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके एवढ्यावर महिन्यातून एकदा धुतलेली साधी गुळगुळीत दोरी, न धुतलेल्या महागड्या खरखरीत दोरीपेक्षा लांब जाईल.