सेवेचा गौरव पुरे, हक्काचे बोला!

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार, मेणबत्त्या, गुलाबाची फुले आणि पाहुण्यांची भाषणे! सिस्टर म्हणजे त्यागाची मूर्ती, असे सांगितले जाते. टाळ्या वाजतात. आणि त्याच रात्री ती सिस्टर भरलेला वॉर्ड एकटीने सांभाळायला उभी राहते. सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष कागदावरच झोपलेला असतो.

आम्हाला या 'सेवा' शब्दाचीच शंका येते. वरच्या तीन वर्णांची विनातक्रार सेवा करणे हाच शूद्राचा धर्म, असे मनुस्मृतीने सांगितले. सेवेला धर्म म्हटले की मोबदला मागणारा अधर्मी ठरतो. आज संपावर गेलेल्या सिस्टरला 'रुग्णांची दया नाही का?' असे विचारले जाते, त्यामागे हीच मनुवादी बुद्धी आहे.

कोरोनाकाळात काय झाले? २२ मार्च २०२० रोजी थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी रुग्णालयांवर आकाशातून फुले पडली. 'कोरोना योद्धा' ही पदवी मिळाली. फुलांनी पोट भरते काय? गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरविले. परंतु २००५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत त्यांना आजही कर्मचारी मानले जात नाही. त्या 'स्वयंसेविका', आणि त्यांना मिळते ते 'मानधन'. मान भरपूर, धन मात्र तुटपुंजे!

खासगी रुग्णालयांची तऱ्हा वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयाने परिचारिकेला सरकारी पगाराइतकाच पगार द्यावा आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २० हजारांपेक्षा कमी देऊ नये. आपल्या तालुक्यातल्या नर्सिंग होममधील मुलीला वाचकांनी एकदा पगार विचारून पाहावा.

रुग्णालयातही एक उतरंड आहे. वर डॉक्टर, खाली सिस्टर, तिच्याखाली वॉर्डबॉय आणि मावशी, आणि सर्वांत तळाशी सफाई कामगार. तळाचा झाडू कोणत्या समाजाच्या हाती आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. ती येथे रोज दिसते. वापरलेली सुई सिस्टरला टोचते, तशीच कचरा उचलणाऱ्यालाही टोचते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा प्रत्येक कामगाराला कावीळ 'ब' व धनुर्वाताची लस आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी मिळालीच पाहिजे. ठेकेदाराच्या कामगारालाही हा नियम लागू आहे, हे त्याला कोण सांगणार?

बाबासाहेबांनी कामगारांसाठी दयेची याचना केली नाही, कायदा मागितला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. मग रुग्णालयात डबल ड्युटी हा नियम कसा? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात दीर्घ ड्युटीनंतर सभागृहात विसावलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली. विश्रांतीची सुरक्षित खोली ही चैन नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

सावित्रीमाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना गेल्या. त्यांचे नाव घेणाऱ्या समाजाने शुश्रूषा करणाऱ्यांना मरणाच्या दारात एकटे सोडू नये. नातेवाईक म्हणून रुग्णालयात गेल्यावर सिस्टरवर हात उगारू नये. २०१० च्या राज्य कायद्याने तो गुन्हा आहेच, पण ती आपलीच लेक आहे, हेही आठवावे. रिकाम्या खाटेचा, न आलेल्या औषधाचा जाब तिला नव्हे, सरकारला विचारावा.

आणि सिस्टरांनीही आपल्या युनियनमध्ये मावशीला, आशाताईला, कंत्राटी सफाई कामगाराला शेजारी बसवावे. पायरीपायरीने वेगळे लढणाऱ्यांना व्यवस्था पायरीपायरीनेच हरवते. रिक्त पदे भरा, ठेकेदारी बंद करा, आठ तासांचीच ड्युटी द्या, या मागण्या एका आवाजात झाल्या पाहिजेत. गुलाबाची फुले पुढच्या १२ मेला येतीलच. हक्क मात्र संघटित झाल्याशिवाय येणार नाहीत. जयभीम!