निर्णय कोणता, तशी रीत

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. इथल्या ग्रामसभेत मतदान होत नाही. विषय मांडला जातो, त्यावर बोलणं होतं आणि कुणाचं मन वळलं नाही, तर तो पुढच्या सभेवर जातो. बाहेरून येणाऱ्याला ही रीत वेळखाऊ वाटते. पण असे निर्णय घेणाऱ्या या गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपली जमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करायचं ठरवलं.

कारभाराच्या अशा रीती मापायला व्यवस्थापनाच्या जगात सध्या एक शिडी बरीच चर्चेत असते. माणसाची मूल्यं आणि जाणीव टप्प्याटप्प्याने बदलत जातात, अशी मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लेअर ग्रेव्ह्ज यांनी केली होती. बेल्जियमचे फ्रेडरिक लालू यांनी २०१४ साली ‘रीइन्व्हेंटिंग ऑर्गनायझेशन्स’ या पुस्तकात तशाच टप्प्यांची मांडणी संस्थांना लावली आणि प्रत्येक पायरीला रंग दिला. लाल पायरीवर एकाच्या धाकावर चालणारी टोळी. अंबर पायरीवर सैन्यासारखी उतरंड आणि ठरलेले नियम. नारिंगीवर उद्दिष्टं, स्पर्धा, नफा-तोटा. हिरव्यावर सहभाग आणि आपलेपणा. सर्वांत वर टील, म्हणजे वरिष्ठाविना स्वतःचा कारभार पाहणाऱ्या संस्था. नेदरलँड्समध्ये २००६ साली सुरू झालेली ‘बुर्टझोर्ग’ ही घरोघरी शुश्रूषा देणारी संस्था हे लालूंचं आवडतं उदाहरण. तिथे परिचारिकांचे छोटे गट आपलं काम आपणच ठरवतात.

या शिडीतून निघणारा सल्ला उपयोगाचा आहे: साधन निवडण्याआधी माणसांना कशाची सवय आहे ते पाहा. अमेरिकेतल्या ‘झॅपोस’ या बूट विकणाऱ्या कंपनीने वरिष्ठांची पदंच काढून टाकली आणि २०१५ मध्ये कर्मचाऱ्यांना सांगितलं, पटत नसेल तर भरपाई घेऊन जा. सुमारे १४ टक्के लोक निघून गेले. स्वयंशासन वरून लादता येत नाही, हे त्यातून दिसतं.

पण ही शिडी घेऊन मेंढ्यात आलं की ती डगमगते. या मांडणीत आदिवासी समूहांना बहुधा तळाच्या पायऱ्यांवर बसवलं जातं. इथे मात्र त्याच समाजाचं एक गाव, शिडी ज्याला शिखर मानते तसा, वरिष्ठाविना कारभार करतं. आणि ही रीत आयती मिळालेली नाही. गावचे देवाजी तोफा आणि इतर गावकऱ्यांनी, ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, ती वर्षानुवर्षं घडवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच.

मेंढ्याची खरी कमाई म्हणजे अभ्यास गट. तिथे कायदा वाचला जातो, बाहेरच्या जाणकाराला विचारलं जातं, शंका काढल्या जातात. निर्णय मात्र तिथे होत नाही, तो ग्रामसभेतच होतो. समजून घेण्याची आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवल्याने एकमत शक्य होतं. अर्धवट माहितीवर सर्वांना ‘हो’ म्हणायला लावणं म्हणजे एकमत नव्हे. कित्येक कार्यालयांच्या बैठकांत नेमकं तेच होतं.

शिवाय हेच गाव बांबू विकताना निविदा काढतं आणि हिशेब ठेवतं. नारिंगी पायरीचं साधन टील गावात बिनतक्रार चालतं. म्हणून पायरी माणसांना नव्हे, समोरच्या निर्णयाला लावावी, असं मेंढ्याकडे पाहून वाटतं.

निर्णय पाहून कसोटी निवडण्याचं आणखी एक उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. त्याला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूतून रोजगार उभा करणाऱ्या या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचा नाही, असं ठरवलं. कारण पानं चांगली फुटावीत म्हणून झाडं छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात, तेंदूची फळंही हातची जातात. निव्वळ नफ्याच्या तक्त्यावर हा निर्णय तोट्याचा ठरला असता. गावाने नफ्याच्या आधी जंगलाचा प्रश्न घेतला.

इतर अनेक ग्रामसभा तेंदू विकतात, आणि त्यांनाही रीत निवडावीच लागते. पानांचा हंगाम उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांचा. पानं तोडायची का, कुणाला विकायची, मजुरी किती, हे प्रश्न सर्वांच्या संमतीने सोडवायचे तर चर्चा हिवाळ्यातच उरकावी लागते. एकदा तोडणी सुरू झाली की संकलन केंद्रावर ७० पानांचा एक पुडा मोजून घेणाऱ्याचा शब्द चालतो. तिथे सभा भरवली, तर हंगाम हातचा जाईल.