सव्वा मिलिमीटरचं भोक

घोलवडच्या चिकूवाडीत, शेडखाली वर्षानुवर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा तलासरीच्या हायवेवर पळवायची, तर आधी इंजिनाचा प्रश्न येतो. मूळचं १०८९ सीसीचं इंजिन पार झिजलेलं असेल, तर शौकिनांची नजर प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीच्या इंजिनाकडे जाते. प्रीमियरनं १९८५मध्ये फियाट १२४च्या बॉडीत निस्सानचं ए-१२ हे ११७१ सीसीचं इंजिन घातलं होतं. ‘एनई’ म्हणजे निस्सान इंजिनच. माउंटिंग, गिअरबॉक्स, आरटीओची परवानगी, आरसीवरची नोंद अशी सगळी खटपट उरकली, की उरतो कार्बोरेटर.

इथं हमखास सल्ला मिळतो : इंजिन मोठं, मग पेट्रोल सोडणारा जेटही मोठा टाका. हा सल्ला मला पटत नाही. इंजिन हवा ओढतं, ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते आणि तिथला दाब घटतो. या घटीमुळेच फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर येतं. हवा दुप्पट झाली, तर दाबातली घट चौपट होते. पण पेट्रोलचा प्रवाह त्या घटीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे दुप्पटच. प्रमाण जवळपास तेच राहतं! वाढलेल्या ८२ सीसींची सोय कार्बोरेटर स्वतःच करून घेतो.

प्रश्न असतो गळ्याचा. मिनिटाला ५००० फेरे आणि सिलिंडर ८० टक्के भरतात असं धरलं, तर २४ मिलिमीटरच्या गळ्यातून जुन्या इंजिनाची हवा ताशी सुमारे २९० किलोमीटर वेगानं जाते, नव्याची ३१०नं. फरक जाणवलाच, तर फक्त भरधाव वेगात. उलट गळा फार मोठा घेतला, तर कमी फेऱ्यांना हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि डहाणूच्या बाजारपेठेत गाडी गचके खाते. मी लहान गळाच ठेवीन.

जेट बदलावा लागतो तो पेट्रोल बदलल्यामुळे. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते; आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १३.५च्या आसपास. तेवढ्याच हवेत सुमारे ९ टक्के जास्त इंधन सोडायला हवं. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. १२०च्या जागी १२५ टाकला, की क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. मिलिमीटरच्या विसाव्या भागात हिशेब जुळतो. म्हणूनच जेट साफ करताना त्यात तार कधीही घालू नये. क्लीनर आणि हवेचा फवारा पुरे.

किनाऱ्यावरचा पावसाळा आणि इथेनॉल ही जोडी मात्र वाईट. इथेनॉल ओलावा शोषतं, पाणी फार झालं की थर वेगळा होऊन वाटीच्या तळाशी बसतो आणि जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. ती खरवडून काढावी. डायफ्रॅम, गॅस्केट आणि फ्लोटची नीडल इथेनॉलला टिकणारी घ्यावी. कार्बोरेटरची वाकलेली फ्लँज काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासावी. थ्रॉटलचा दांडा बुशात हलत असेल, तर तिथून चोरटी हवा शिरते. मग स्क्रू कितीही फिरवा, आयडलिंग स्थिरावत नाही.

सगळं जोडून चारोटीपर्यंत एक फेरी मारावी आणि स्पार्क प्लग काढून पाहावा. टोकाजवळचं चिनी मातीचं आवरण पांढरंफटक असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. काजळी असेल, तर जास्त होतंय. हवा असलेला रंग वाडीतच सापडेल : पिकल्या चिकूच्या सालीचा.