कानाचं मशीन विकणारा आणि कान तपासणारा

आमच्या वस्तीतला एक मुलगा बारावी सायन्स झाल्यावर कानाच्या मशीनच्या दुकानात कामाला लागला. तीन वर्षांत तो बरंच शिकला. कानाचा साचा घ्यायचा, मशीनचा आवाज कमी-जास्त करायचा, बॅटरी बदलायची, म्हाताऱ्या माणसांशी धीरानं बोलायचं. घरच्यांना वाटलं, पोरगं मार्गी लागलं. मग एका रुग्णालयात जागा निघाली. तिथं पहिलाच प्रश्न आला, "आरसीआयचा नंबर काय?" नंबर नव्हता. मालकानं दिलेलं अनुभवाचं पत्र तिथं चाललं नाही. ते पत्र घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, मी तीन वर्षं शिकलो ते काय होतं मग?"

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. काही देशांत दुकानात काम करत हा पेशा शिकता येतो. इंग्लंडमध्ये मशीन बसवणाऱ्याची उमेदवारी करता येते. पगार घेत, जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकायचं, सोबत अभ्यास करायचा, परीक्षा द्यायची आणि मग सरकारमान्य नोंदणी घ्यायची. म्हणजे तिथंही शेवटी नोंदणी लागतेच. आपल्याकडे मात्र नुसत्या दुकानातल्या उमेदवारीवर नोंदणी मिळत नाही. हाताखालचं शिक्षण आपल्याकडे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या आत आहे.

यासाठी भारतीय पुनर्वास परिषद कायदा, 1992 आहे. त्या परिषदेलाच आरसीआय म्हणतात. परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय या क्षेत्रात व्यवसाय करता येत नाही, सरकारी पदही मिळत नाही. नियम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

एवढा कडक कायदा कशाला, असं वाटेल. एका शिबिरात मी एक आजी पाहिल्या. कानातून पू येत होता आणि त्याच कानात साचा घट्ट बसवलेला. कुणीतरी कानात न डोकावताच मशीन विकलं होतं. वाहता कान असा बंद केला की हवा लागत नाही, पू वाढतो. साचा घेतानाही आधी कानात दोऱ्याचा छोटा बोळा ठेवावा लागतो, नाहीतर मसाला पडद्यापर्यंत जाऊ शकतो. पडद्याला भोक असेल तर आतही जातो. शिवाय प्रत्येकाचा कान वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळा कमी ऐकतो. तपासणीचा आलेख काढून त्याप्रमाणे मशीन लावावं लागतं. सगळ्यांना एकच आवाज मोठा करून दिला, तर उरलेलं ऐकणंही बिघडू शकतं.

आता शिकायचं कुठं, ते पाहू.

पहिला रस्ता डीएचएलएस या पदविकेचा. बारावी सायन्सनंतर एक वर्ष. ही पदविका घेतलेला माणूस ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली सहाय्यक म्हणून काम करतो. केंद्र सरकारनं 2007 साली बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात जिल्हा रुग्णालयासाठी श्रवणतपासणी सहाय्यकाचं पद आहे, तिथं ही पदविका उपयोगी पडते.

दुसरा रस्ता पदवीचा, बीएएसएलपी. एकूण चार वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, म्हणजे खरी उमेदवारी. यातूनच माणूस ऑडिओलॉजिस्ट होतो. महाराष्ट्रात यासाठी बारावीला जीवशास्त्र आणि नीटचे गुण लागतात. नीट फक्त एमबीबीएससाठी असते, असं समजून आपली मुलं परीक्षेला बसतच नाहीत. मुंबईत नायर रुग्णालयात हे शिक्षण 1966 पासून आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 सालची. पुण्यात भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे.

ज्याला यंत्राची आवड आहे, त्याच्यासाठी म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत मशीन आणि साचा बनवण्याची, दुरुस्तीची पदविका आहे.

फी भरण्याआधी एक काम कराच. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. त्यात कॉलेजचं आणि अभ्यासक्रमाचं, दोन्हींची नावं त्या वर्षासाठी आहेत का, ते बघा. "तीन महिन्यांत सर्टिफिकेट" म्हणणाऱ्याला नंबर मिळेल का, एवढंच विचारा.

पैशाचं काय? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. उत्पन्न जास्त असेल तर फ्रीशिपचं विचारा. आपलं कॉलेज आणि अभ्यासक्रम त्या पोर्टलवर आहे का, हे प्रवेशाआधी ऑफिसात विचारून घ्या. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीनं मिळाल्या. म्हणून केंद्राच्या संस्थेत अर्ज करताना जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तो आधीच काढून ठेवा. दाखल्यापायी जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

या कामाची गरज आपल्याच घरात आहे. उद्यमनगर, शिरोलीच्या फौंड्र्यांत आणि इचलकरंजीच्या मागावर आयुष्य काढलेली माणसं घरात ओरडून बोलतात, टीव्ही मोठा लावतात. आपण म्हणतो, वय झालं. वर्गात मागं बसणारं पोर हाक मारली तरी वळत नाही, आपण म्हणतो, लक्ष नाही. ही माणसं आधी सीपीआरच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. मशीन सांगितलं तर विकत घेण्याआधी एडीआयपी योजनेचं विचारा. महिना 22,500 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र माणसाला त्यात मशीन मोफत मिळतं. आणि तपासणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

तो मुलगा आता डीएचएलएसचा फॉर्म भरतोय. दुकानातली तीन वर्षं वाया गेली, असं मी त्याला म्हटलं नाही. हात तयार आहे, माणसांशी बोलणं जमतं. आता त्या हाताला नंबर मिळायला हवा. तुमच्या गल्लीत असं एखादं मूल दुकानात राबत असेल, तर हे पान त्याला वाचायला द्या.